मनालीचं हॉटेल, साडेचार लाखांचं कोटेशन आणि बर्फाचा ठेका

धरमपेठेतून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो. "काका, माझ्या मिस्टरांनी आणि दिरांनी मिळून मनालीच्या वर सोलंगच्या रस्त्याला २४ खोल्यांचं हॉटेल आणि ६ कॉटेज पाच वर्षांच्या लीजवर घेतले. कागदपत्रं सगळी मी पाहते, नागपुरातूनच. हिवाळ्यात बर्फ काढायला दोन कोटेशनं आली. एक ठेकेदार म्हणतो पूर्ण सीझनचे साडेचार लाख एकमुस्त, सगळं त्यातच आलं. दुसरा म्हणतो जेसीबीचे तासाला १८०० रुपये, जेवढं चालेल तेवढं. मिस्टर म्हणतात तासाचाच घेऊ. दीर म्हणतात कशाला ठेका, आपला स्टाफ आहे, दहा फावडी घेऊन देऊ. जानेवारीत सासूबाई आणि मुलं पण तिथंच राहणार आहेत. सही कशावर करू?"

ताई, सध्या कशावरच करू नका. पण तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची मारबत झाली न झाली तोवर विचारून राहिले हे लय चांगलं केलं, कारण डिसेंबरात विचारलं असतं तर माझ्याकडे सांगायला काही उरलं नसतं. आपल्या इकडे कूलरचं कसं असतं पाहा, ज्या ऑफिसनं फेब्रुवारीतच कूलरवाल्याशी बोलून ठेवलं त्याच्याकडे एप्रिलमधे माणूस येऊन गवत बदलून, पंप पाहून जातो आणि ज्यानं ४५ डिग्री झाल्यावर फोन लावला त्याचा फोन कोणी उचलत नाही, पैसे दुप्पट देतो म्हटलं तरी नाही. डोंगरात बर्फाचं अगदी तेच आहे, फक्त तिथे फोन उचलला नाही तर गेस्ट खोलीत अडकून बसतात.

मी अकरा हिवाळे हिमाचल आणि उत्तराखंडात हॉटेलांचं मेंटेनन्स पाहिलंय, त्यातून जे कळलं तेच सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे बर्फ काढण्याचा ठेका देऊच नका, सकाळी सात वाजता वाट उघडी असण्याचा ठेका द्या. ऐकायला सारखंच वाटतं पण कागदावर दोन्ही फार वेगळे होतात. बर्फ काढण्याचा ठेका घेतलेला माणूस दुपारी दोनला येऊन मनापासून बर्फ काढून जातो आणि त्याचं काम झालेलं असतं, तुमचे गेस्ट मात्र सकाळपासून बॅगा भरून रिसेप्शनमधे बसलेले असतात.

आता ती दोन कोटेशनं. एकमुस्त साडेचार लाख दोन्हीकडून मारतं. २०२४ चा जानेवारी आठवा, हिमाचलात तो महिना जवळजवळ कोरडा गेला, तिकडे गुलमर्गचे उतारही महिनाअखेरपर्यंत उघडे पडले होते. अशा वर्षी तुम्ही साडेचार लाख देऊन आकाशाकडे पाहत बसणार. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरच्या २३ तारखेला, सोलंग ते अटल टनेलच्या पट्ट्यात अचानक बर्फ पडून हजारेक गाड्या अडकल्या, पोलिसांना रात्रभर लोकं काढावी लागली. असं झालं की एकमुस्तवाला ठेकेदार काय करतो तर पैसे आधीच ठरलेले असल्यामुळे प्रत्येक जास्तीची फेरी त्याला खिशातून वाटते, मग तो तुमच्याकडे अर्धा तास देतो आणि पुढच्या हॉटेलला पळतो. तासावरच्याचं उलटं, त्याला जितका वेळ लागेल तितकं बरं. आणि तुम्ही नागपुरात बसून तास मोजणार कसे? मिस्टरांना सांगा, तासाचा भाव स्वस्त दिसतो कारण त्यात तास किती लागतील ते लिहिलेलंच नाही.

मधला रस्ता असा की थोडी रक्कम बांधलेली ठेवायची आणि बाकी पडेल तसं. उदाहरण म्हणून आकडे घेतो, खरा भाव तिथेच ठरेल. समजा दीड लाख बांधलेले, त्यात मशीन आणि चार माणसं १ डिसेंबर ते ३१ मार्च तुमच्यासाठी राखून ठेवायची आणि पहिल्या सहा वेळचा बर्फ त्यातच काढायचा. सातव्या वेळेपासून दर वेळचे पैसे, सहा इंचापर्यंत एक भाव, सहा ते बारा इंच दुसरा, फुटाच्या वर गेला की मग तास, पण तासांनाही एका दिवसाची मर्यादा. आणि सगळ्याला मिळून एक कमाल रक्कम, तिच्या वर बिल जाणार नाही. म्हणजे कोरड्या वर्षी तुम्ही बुडत नाही आणि भरपूर बर्फाच्या वर्षी तो बुडत नाही, तोही माणूसच आहे, तोट्यात गेलेला ठेकेदार रात्री तीनला उठत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पडलाच तर त्याच भावात, हे एक वाक्य टाका, आणि नोव्हेंबरचंही टाका.

'एक वेळ' म्हणजे काय हे मात्र नीट लिहून घ्या, भांडणं इथेच होतात. संध्याकाळी चार इंच पडला, रात्री थांबला, पहाटे परत तीन इंच, हे एकदा की दोनदा? मी असं लिहायचो की बर्फ थांबून बारा तास कोरडे गेले आणि मग परत पडला तर ती नवीन वेळ, नाही तर एकच. तुम्ही दुसरं काही ठरवा पण ठरवा.

आणि किती इंच पडला हे कोण सांगणार? ठेकेदार मोजतो भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे वारा बर्फ आणून ढीग करतो, तुमचा मॅनेजर मोजतो छज्जाखाली, जिथे बर्फ पोचतच नाही, मग एकाचे नऊ इंच आणि दुसऱ्याचे चार. यावर उपाय सोपा आहे. दोन फूट बाय दोन फुटाची प्लायवूडची पाटी, वरून पांढरा ऑइल पेंट, पांढराच काहून तर गडद रंग दिवसा तापतो आणि बर्फ पातळ होतो. ती मोकळ्या सपाट जागी, भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवायची, चारी कोपऱ्यांना बांबू रोवायचे म्हणजे बर्फाखाली गेली तरी सापडते. रात्रीच्या माणसानं दर सहा तासांनी स्टीलची फूटपट्टी उभी खुपसून फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा, पाटी झाडायची आणि परत ठेवायची. या ग्रुपमधे तुम्ही, ठेकेदार आणि मॅनेजर तिघं. करारात एक ओळ, की या पाटीवरचा फोटो दोघांनाही मान्य. तीनशे-चारशेची पाटी आहे ताई, पण वर्षभराचं भांडण वाचवते.

काम सुरू कधी करायचं याचं पण माप ठरवा. गाड्यांच्या वाटेला दोन इंच ठीक आहे, पडत राहिला तर दर तीन-चार इंचाला एक फेरी, कारण चार-चार इंच तीनदा काढायला जेवढी मेहनत लागते त्यापेक्षा फूटभर एकदम काढायला जास्त लागते, आणि मधे त्यावरून गाड्या गेल्या की तो दाबून दगड होतो. पायऱ्या आणि चढाच्या वाटेला मात्र इंच-बिंच नाही, पडला की झाडायचा. आणीबाणीचं दार, जनरेटरची खोली, गॅस सिलेंडरची जागा, फायरचं पाणी, अँब्युलन्सला आत यायची वाट, हे कधीच बंद राहता कामा नये, हॉटेल रिकामं असलं तरीही. पार्किंग नऊपर्यंत झालं तरी चालतं. वरचे कॉटेज बुकिंग नसेल तर सोडून द्या, बाग तर सोडाच, तिथला बर्फ पाहायलाच लोकं येतात. हॉटेलचा नकाशा काढून त्यावर तीन रंग भरा आणि करारालाच जोडा. मुलांना बसवा रंगवायला.

आता एक गोष्ट जी मला फार जपून सांगायची आहे, कारण ती माझ्या हातून घडली. काढलेला बर्फ टाकायचा कुठे? एका हॉटेलात, नाव नको, आम्ही तो गेटपासून रिसेप्शनपर्यंतच्या चढाच्या वरच्या अंगाला रचला, जागा तिथे होती आणि मशीनला सोयीचं होतं. दुपारी छान ऊन पडलं. चार वाजता मी स्वतः त्या चढावरून चालत गेलो, ओला होता, बाकी काही नाही. ढिगातून वितळलेलं पाणी पातळ पापुद्र्यासारखं चढावरून वाहत होतं आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर ते तिथेच गोठलं, काचेसारखं, खालचं सिमेंट जसंच्या तसं दिसत होतं म्हणून कोणाला कळलं नाही. सकाळी सव्वासहाला रूम सर्व्हिसचा एक पोरगा स्टीलची किटली घेऊन निघाला आणि तिसऱ्या पावलाला आडवा झाला. मनगट मोडलं. ती किटली आवाज करत गेटपर्यंत घरंगळत गेली, तो आवाज मला आजही आठवतो. तेव्हापासून मी एकच पाहतो, ढीग नेहमी वाटेच्या खालच्या अंगाला, पाणी वाटेपासून लांब जाईल असा. तुमच्याकडे खाली जागा नसेल तर बर्फ गाडीत भरून बाहेर नेण्याचा भाव वेगळा लागतो, तो आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी त्याचे मन मानेल ते पैसे मागतात. शेजाऱ्याच्या नाल्यात आणि सरकारी रस्त्यावर टाकायचा नाही, हेही लिहा.

दिरांच्या फावड्यांबद्दल. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पायऱ्या, दाराचा उंबरठा, कॉटेजच्या पायवाटा हे स्टाफनंच करावं, ठेकेदार येईपर्यंत थांबायचं नाही. पण बाकीचं वजन त्यांना सांगा. १००० चौरस फुटावर एक फूट ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे पावणेतीन-तीन टन, छोटा हत्तीच्या चार गाड्यांना झेपेल एवढं वजन, आणि तोच दोन दिवस बसला किंवा वरून पाऊस पडला तर तेवढ्याच जाडीला आठ-साडेआठ टन होतो. तुमचं पार्किंगच पाच-सहा हजार फूट असेल. नागपुरातून नेलेली पोरं कॅनव्हासचे बूट घालून हे उपसणार आणि मग नाश्ता लावणार? होणार नाही बाप्पा, आणि करूही नका. त्यांच्यासाठी गमबूट, रबरी हातमोजे आणि प्लास्टिकचे रुंद बेलचे घ्या, लोखंडी फावड्यानं फरशी आणि पत्रा दोन्ही फुटतात.

छतावर स्टाफला चढवायचंच नाही. छतावरचा बर्फ हा करारातला वेगळा मुद्दा, वेगळी माणसं, कमरेला दोर, खाली एक जण उभा, विजेच्या तारा कुठून जातात ते आधी दाखवलेलं. उतरत्या पत्र्यावरून बर्फ एकदम घसरतो, त्याच्या खालच्या पट्ट्यात गाडी लावू द्यायची नाही आणि मुलांना खेळू द्यायचं नाही, तिथे आत्ताच दोरी बांधायच्या खिळ्या मारून घ्या. इमारत किती वजन झेलते हे मालकाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा आणि त्याच्याकडून लिहून घ्या की किती इंचावर छत मोकळं करायचं.

धुराचंही सांगतो. जनरेटरचा आणि गॅस गिझरचा धूर बाहेर जायची नळी बर्फानं बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत भरतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी नावाच्या डोंगरातल्या गावी बर्फात अडकलेल्या गाड्यांमधे वीसच्या वर लोकं गेली, त्यातल्या बऱ्याच जणांचा या धुरानंच घात झाला असं तेव्हा समोर आलं. म्हणून प्रत्येक फेरीत त्या नळ्या मोकळ्या करणं हे करारात हवं आणि गेस्टला गाडीत हीटर लावून बसू देऊ नका, सायलेन्सरच्या मागचा बर्फ आधी काढायचा.

मीठ आणि रेतीचं थोडक्यात. साधं मीठ उणे सात-आठ डिग्रीपर्यंत बरं काम करतं, त्याच्या खाली कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते महाग आहे म्हणून फक्त पायऱ्यांना. बर्फ पडायच्या आधी टाकलेलं मीठ सगळ्यात कमी लागतं, कारण मग बर्फ जमिनीला चिकटतच नाही. नवीन सिमेंटवर आणि सफरचंदाच्या, देवदाराच्या मुळाशी मीठ नको, तिथे जाडी रेती. रेती ताडपत्रीखाली कोरडी ठेवा, ओली रेती गोठून धोंडा होतो आणि मग ती कुदळीनं फोडावी लागते. आणि गरम पाणी ओतायचं नाही, आपल्या माणसांना पहिल्यांदा तेच सुचतं, ते तासाभरात परत गोठतं आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतं. मीठ-रेती कोणाची, किती पोती, हे बिलात वेगळं दिसलं पाहिजे.

ठेकेदारानं पाठवलेला मसुदा तुम्ही पत्रासोबत जोडलाय त्यात नववं कलम पाहा. नैसर्गिक आपत्तीत जबाबदारी नाही असं लिहून पुढे त्यानं 'अतिवृष्टी, भूकंप, भारी हिमपात, मार्ग बंद' असं टाकलंय. ताई, भारी हिमपात झाला तर मी येणार नाही असं बर्फ काढणाऱ्यानं लिहून दिलंय! 'भारी हिमपात' आणि 'मार्ग बंद' हे दोन्ही शब्द खोडा. प्रशासनानं लेखी बंदी केली किंवा हिमस्खलनाचा इशारा असला तर ठीक, त्यात कोणाचा जीव घालायचा नाही, बाकी कारण चालणार नाही. रस्ता बंद म्हणून येता आलं नाही हे कारण मुळातच उरू नये, त्यासाठी मशीन डिसेंबरच्या मध्यापासून तुमच्याच आवारात उभं हवं. कुल्लूत उभं असलेलं मशीन, चाळीस किलोमीटर खाली, ज्या रात्री हवं त्याच रात्री वर येऊ शकत नाही. शिमल्याच्या हवामान केंद्राचा ऑरेंज अलर्ट आला की त्याच संध्याकाळी ड्रायव्हर आणि दोन माणसं हॉटेलवर मुक्कामी, त्यांची खोली, जेवण, रात्रीचा चहा तुमच्याकडून. हा खर्च तुम्हाला जास्तीचा वाटेल पण हाच सगळ्यात कामाचा आहे. हे अलर्ट हलक्यात घेऊ नका, भूमध्य समुद्राकडून येणारे जे पश्चिमी झंझावात तिकडे बर्फ पाडतात तेच पुढे आपल्या विदर्भात फेब्रुवारी-मार्चमधे गारपीट करून हरभरा आणि संत्र्याचा बहार झोडपतात, हवामानखात्याला ते चार-पाच दिवस आधी दिसतात.

त्याला तोंडावर विचारा की या एका मशीनवर तुम्ही किती हॉटेलं घेतलीत आणि आमचा नंबर कितवा. लाजू नका. नंबर लिहून घ्या, पहिल्या दोनात नसाल तर दुसरा पाहा. अजून एक म्हणजे गेटवरचा बांध. सरकारी मशीन मोठा रस्ता साफ करत जातं तेव्हा सगळा बर्फ कडेला ढकलतं आणि तुमच्या गेटपुढे कमरेएवढी भिंत उभी राहते, आतलं सगळं साफ असूनही गाडी निघत नाही. तो बांध फोडायचं काम कोणाचं हे तुमच्या दोन्ही कोटेशनांत नाही. 'सगळं त्यातच आलं' म्हणणाऱ्यालाही विचारा, त्यात हे आलं का.

पैशाचं असं करा, सहीच्या वेळी वीस टक्के, बाकी महिन्याच्या महिन्याला फोटो आणि रजिस्टर पाहून, शेवटचे दहा टक्के एप्रिलात बर्फ वितळल्यावर, कारण पेव्हर ब्लॉक कुठे उखडले आणि कठडा कुठे मोडला हे तेव्हाच दिसतं. त्यासाठी नोव्हेंबरात सगळ्या आवाराचा व्हिडिओ काढून दोघांनी ठेवायचा, आणि मॅनहोल, नळाचे कॉक, कडेचे दगड सगळ्यांपाशी लाल कापड बांधलेले बांबू. त्याच्या माणसांचा अपघात विमा त्याच्याच नावावर, कॉपी तुमच्याकडे. दोन तासांच्या वर उशीर झाला तर तुम्ही दुसरा बोलवाल आणि ते पैसे याच्या बिलातून कापाल, ही ओळ पण हवी. आणि ते रजिस्टर, किती वाजता आले, किती इंच होता, काय काढलं, मीठ किती, दोघांच्या सह्या, ते जपा. उद्या एखादा गेस्ट पडला आणि केस टाकली तर तुमच्या बाजूनं बोलणारं तेच एक आहे.

सप्टेंबरात एकदा जाऊन या, मिस्टरांना नाही, तुम्हीच जा, कारण कागद तुम्ही करणार. तिकडे सफरचंदाचा हंगाम असतो म्हणून माणूस सकाळी भेटणार नाही, संध्याकाळी गाठा. कुल्लूचा दसरा आपला दसरा होतो त्या दिवशी सुरू होतो आणि सात दिवस चालतो, त्या आठवड्यात कोणी सही-बिही करत नाही, त्याच्या आधी उरका. आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या हॉटेलवाल्यांकडे चहा प्या आणि विचारा मागच्या पाच हिवाळ्यात किती वेळा मशीन लावावं लागलं, त्यांच्या डिझेलच्या वहीत ते मिळतं. त्यावरून तुमचे 'सहा वेळा' खरंच सहा ठेवायचे की नऊ ते कळेल. आणि तुमच्याच हॉटेलच्या जुन्या माळ्याला किंवा वॉचमनला घेऊन आवारभर फिरा, मार्चपर्यंत बर्फ कुठे राहतो ते तो बोटानं दाखवेल. उत्तरेकडची ती जागा नकाशावर लाल करा.

सासूबाईंना वरचं कॉटेज देऊ नका, देखावा तिथून कितीही छान असला तरी. मेन बिल्डिंगमधली तळमजल्याची, दक्षिणेकडे तोंड असलेली, जेवणाच्या खोलीपर्यंत एकही उघडी पायरी न लागणारी खोली द्या. त्यांच्यासाठी बूट इथून सीताबर्डीतून नेऊ नका, आपल्याकडचा सोल बर्फावर सुटतो, मनालीच्या बाजारात खोल खाचांचे रबरी बूट मिळतात ते त्यांच्या पायात घालून पाहून घ्या, आणि सकाळी दहाच्या आधी, ऊन चढावर येईपर्यंत, त्यांना बाहेर काढू नका. नवा मसुदा झाला की सही करायच्या आधी पाठवा, मी वाचून देतो.